एडामामे : हिरवं सोयाबीन का खावं, किती खावं आणि कोणी जपून खावं

मृद्गंध :
नमस्कार मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत शाकाहारी लोक खूप, आणि त्यांच्या दिवसभराच्या खाण्याची यादी लिहून घेतली की तेच ते चित्र दिसतं, सकाळी पोहे नाहीतर उपमा, दुपारी पोळी-भाजी, भात आणि पातळ वरण, रात्री परत तसंच, म्हणजे पोट भरतंय पण प्रोटीन कुठेय? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. वाटीभर पातळ वरणातून त्यातलं कितीसं येणार.

आता फ्रोजन एडामामे मोठ्या शहरांत सहज मिळायला लागलेत आणि लोक मला विचारतात की हे फॅड आहे का खरंच चांगलं आहे. तर खरंच चांगलं आहे. हे आपलं सोयाबीनच, दाणा शेंगेत पूर्ण भरलाय पण अजून हिरवा आणि मऊ आहे, झाड पिवळं पडायला लागलेलं नाही, अशा वेळी तोडलेलं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता बघितला तर १०० ग्रॅम शिजलेल्या सोललेल्या दाण्यांत १२१ कॅलरी, जवळपास १२ ग्रॅम प्रोटीन, ५ ग्रॅम फॅट, ९ ग्रॅम कार्ब आणि त्या ९ मधले ५ ग्रॅम तर फायबरच. तेवढ्याच वजनाच्या हिरव्या मटारात प्रोटीन ५.४ ग्रॅम असतं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. शिवाय प्रोटीनचा दर्जा. प्रोटीन अमिनो आम्लांचं बनलेलं असतं, त्यातलं मेथिओनिन आपल्या डाळींत कमी पडतं, गहू-तांदळात लायसिन कमी पडतं, म्हणून वरण-भात एकत्र खाल्ला की काम होतं. सोयाबीनमध्ये नऊही आवश्यक अमिनो आम्लं पुरेशी असतात, एकट्याने काम होतं.

आणि ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही ते म्हणजे फोलेट. १०० ग्रॅमला ३११ मायक्रोग्रॅम. मटारात ६५. लग्न झालेल्या, मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या मुली येतात तेव्हा मी हे आवर्जून सांगते, कारण बाळाच्या मज्जारज्जूची घडण पहिल्या काही आठवड्यांत होते, तेव्हा बाईला कळलेलंही नसतं की दिवस गेलेत. (फॉलिक ॲसिडची गोळी मात्र बंद करायची नाही, ती डॉक्टरांनी दिलेली घ्यायचीच, हे त्याच्या जोडीला.)

तुम्ही खाता का, कसं खाता, काय शंका आहेत, लिहा. मला माहीत असेल ते सगळं सांगेन.

पावसाळी_दुपार :
छान धागा मृद्गंध, अगदी हवाच होता. एक बेसिक प्रश्न, पॅकेट घेतलं तर त्यात शेंगाच होत्या, सालीसकट खायच्या का? आणि १०० ग्रॅम म्हणजे शेंगा धरून का नुसते दाणे?

मृद्गंध :
साल खायची नाही, ती चरबरीत आणि दोऱ्यादोऱ्याची असते, पचत नाही. ओल्या भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा खातो ना तसंच, शेंग तोंडाशी धरून दाबायची, दाणे सरळ तोंडात. वर दिलेले आकडे नुसत्या दाण्यांचे आहेत. शेंगांच्या वजनाच्या ढोबळमानाने निम्मे दाणे निघतात, त्यामुळे १०० ग्रॅम दाणे हवे असतील तर २०० ग्रॅम शेंगा घ्या. मेजरिंग कप भरून सोललेले दाणे म्हणजे १५५ ग्रॅम, त्यात १८ ग्रॅम प्रोटीन आणि ८ ग्रॅम फायबर. एका उकडलेल्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं, त्यावरून अंदाज घ्या.

जिमवाला_पिंट्या :
ताई सोया खाल्लं की पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी होतं असं आमच्या जिममध्ये सगळे सांगतात, ट्रेनर पण तेच म्हणतो. म्हणून मी सोया चंक्स पण बंद केले. खरं काय आहे?

मृद्गंध :
पिंट्या, बरं झालं विचारलंस, ही भीती फार पसरलीये. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं असतात, जेनिस्टीन आणि डेडझीन ही त्यातली मुख्य. त्यांची रेणूची ठेवण इस्ट्रोजेनसारखी थोडीफार असते म्हणून शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला ती चिकटू शकतात, पण फार हलक्या हाताने, आणि शरीराच्या प्रत्येक भागात परिणाम एकसारखा नसतो. पुरुषांवर झालेले बरेच प्रयोग एकत्र करून २०१० साली आणि परत २०२१ साली तपासले गेले, टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेनमध्ये फरक आढळला नाही. जी एक केस सगळीकडे फिरते ती २००८ मध्ये छापून आलेली, ६० वर्षांच्या माणसाची छाती वाढली होती, पण तो रोज जवळजवळ ३ लिटर सोया मिल्क पीत होता! दूध बंद केल्यावर त्याची तक्रार कमी झाली. वाटीभर दाणे आणि रोजचं ३ लिटर दूध ह्यांची तुलनाच होत नाही. तू निर्धास्त खा, व्यायामानंतर तर जरूर खा.

चंक्सबद्दल पण सांगते. ते तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठापासून बनतात, म्हणून कोरड्या वजनाला प्रोटीन ५० टक्क्यांच्या वर जातं. वाईट अजिबात नाहीत. पण एडामामे हा अख्खा दाणा आहे, त्यात तेल, थोडं ओमेगा-३, फोलेट, व्हिटॅमिन के, पोटॅशियम, मॅग्नेशियम सगळं जागच्या जागी आहे.

तोक्योतली_रमा :
आम्ही तोक्योत निशी-कासाईत राहतो, इथे मराठी मंडळी बरीच आहेत. इकडे एदामामे म्हणजे उन्हाळा. जूनपासून दुकानात ताज्या शेंगा दिसायला लागतात, काही ठिकाणी तर अख्ख्या फांद्यांची जुडीच विकायला ठेवतात, शेंगा फांदीवरच असल्या की जास्त ताज्या राहतात म्हणून. इझाकायात (इथलं दारू आणि खाण्याचं छोटं हॉटेल) बसलं की पहिली डिश हीच येते. आणि ह्यांचं हे आजचं नाहीये, निचिरेन नावाच्या बौद्ध भिक्षूने १२७५ साली एका भक्ताला पत्र लिहून शेंगा पाठवल्याबद्दल आभार मानलेत, ती सर्वात जुनी नोंद समजतात.

प्रांताप्रांताचा अभिमान पण केवढा. यामागाताच्या त्सुरुओका भागातली दादाचामामे, वास असा की घरभर दरवळतो. ह्योगोच्या तांबाच्या काळ्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा फक्त ऑक्टोबरमध्ये थोडेच दिवस मिळतात आणि लोक गाड्या काढून सासायामाला जातात. निइगाताचे लोक तर मोठाले परडे भरून शेंगा उकडतात, लागवड तिथे देशात पहिल्या क्रमांकाच्या आसपास. सेंदाईला ह्याचं गोड पण करतात, दाणे उकडून साल काढून साखर घालून वाटायचे, ती हिरवीगार झुंदा मोचीवर (चिकट तांदळाचा गोळा) घालून देतात. माझ्या सासूबाई इकडे आल्या होत्या त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याचं पुरण करून पोळ्या केल्या वेलदोडा घालून, सुरेख झाल्या होत्या.

उकडायची पद्धत पण लिहिते कारण त्यातच चव आहे. शेंगांची दोन्ही टोकं कात्रीने किंचित कापायची, मग मीठ घेऊन शेंगा हाताने चांगल्या चोळायच्या, लव निघून जाते आणि मीठ आत शिरतं. एक लिटर पाण्याला ४० ग्रॅम मीठ (शेंगा चोळलेलं धरून), पाणी खळखळ उकळलं की शेंगा टाकून चार-पाच मिनिटं. मग चाळणीत उपसून पसरून ठेवायच्या आणि वारा घालायचा. गार पाण्यात टाकायच्या नाहीत, पचपचीत होतात. इकडचे शेतकरी म्हणतात आधी पाणी उकळत ठेवा आणि मग शेंगा तोडायला जा. तोडल्यापासून साखर झपाट्याने कमी होत जाते हो, दुसऱ्या दिवशी फरक जिभेला कळतो.

पावसाळी_दुपार :
रमा काय सुंदर लिहिलंयस! पुरणपोळीची कल्पना तर भारीच.

सावली :
मला हायपोथायरॉईड आहे, रोज सकाळी गोळी असते. डॉक्टरांनी काही सांगितलं नाही पण व्हॉट्सॲपवर कोबी, फ्लॉवर, सोया सगळंच बंद करा असं येतं. खाऊ का नको?

मृद्गंध :
सावली, खाऊ शकता, फक्त वेळ सांभाळा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करून टाकतात. पहिली, सोयाने थायरॉईड बिघडतो का, तर ज्यांना पुरेसं आयोडीन मिळतंय आणि ग्रंथी नीट आहे त्यांच्यावर अभ्यासांत लक्षात घेण्यासारखा परिणाम दिसलेला नाही. घरात आयोडीनयुक्त मीठ वापरा म्हणजे झालं, सध्या सैंधव आणि गुलाबी मिठाच्या मागे लागून बऱ्याच घरांतून ते गेलंय, ते परत आणा. दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची, लिव्होथायरॉक्सिनची गोळी आतड्यातून शोषली जाते त्यात सोया अडथळा आणतं. म्हणून गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर आणि सोयाबीनचं काहीही असेल ते दुपारच्या किंवा संध्याकाळच्या खाण्यात. आणि रोज साधारण सारखंच प्रमाण ठेवा. एकदम खूप वाढवणार असाल तर डॉक्टरांना सांगा म्हणजे पुढच्या टीएसएचकडे (थायरॉईडची रक्ततपासणी) ते त्या नजरेने बघतील.

सावली :
खूप खूप धन्यवाद, इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळच्या चहाच्या वेळेला खात जाईन मग.

मृद्गंध :
चहाबरोबर मात्र नको! ह्यात लोह १०० ग्रॅमला २.३ मिलिग्रॅम आहे पण वनस्पतींतलं, ते मुळातच कमी शोषलं जातं आणि चहातलं टॅनिन ते आणखी अडवतं. चहा तासभर पुढे-मागे करा आणि दाण्यांवर लिंबू पिळा, व्हिटॅमिन सी मुळे लोह चांगलं शोषलं जातं.

लातूरचा_शेतकरी :
धागा वाचून बरं वाटलं. आमच्या मराठवाड्यात आणि विदर्भात डोळे पोचतील तिथवर सोयाबीनच, राज्यात ५० लाख हेक्टरच्या आसपास पेरा असतो, आणि सगळं वाळवून, मळणी करून मोंढ्यावर. तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात नाहीतर परदेशात जाते. घरात मात्र सोयाबीन शिजत नाही. गव्हात मूठभर दळून आणणारे काही जण आहेत तेवढेच. ज्या गावात पोरांची वजनं भरत नाहीत त्याच गावाच्या शिवारात एवढं प्रोटीन उभं असतं, हे मला फार लागतं.

आम्ही दोन-तीन वर्षांपासून घरी हिरव्या शेंगा खातो. जूनअखेर पेरलं तर ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शेंगा भरतात. दाणे शेंगेत एकमेकाला टेकलेले दिसले, शेंग फुगीर आणि हिरवीगार आहे, तेव्हा तोडायची. आठ-दहा दिवसांच्या वर हा टप्पा टिकत नाही, पिवळसर झाक आली की दाणा निबर होतो, चव जाते. फुले संगम हे वाण, म्हणजे कसबे डिग्रजच्या केंद्रातलं केडीएस ७२६, त्याचा दाणा टपोरा असतो म्हणून आम्हाला ते बरं वाटलं. जेएस ३३५ चा दाणा बारीक, सोलायचा कंटाळा येतो.

पण एक कळकळीचं सांगणं आहे. कुणाच्याही शेतातल्या शेंगा तोडून उकडू नका. खोडमाशी, चक्रीभुंगा, पानं खाणाऱ्या अळ्या ह्यांच्यासाठी शेंगा भरण्याच्या काळात फवारण्या झालेल्या असतात आणि त्या औषधांचा काढणीआधीचा थांबायचा काळ वाळलेल्या पिकाच्या हिशोबाने बघितला जातो, तीन आठवडे आधी हिरवी शेंग खायच्या हिशोबाने नाही. आम्ही विहिरीजवळची चार तासं (पिकाच्या ओळी) वेगळी ठेवतो, तिथे फक्त निंबोळी अर्क आणि हाताने अळ्या वेचणं. आणि पेरणीचं बियाणं, ज्याला बुरशीनाशक लावून गुलाबी-लाल केलेलं असतं, ते उरलं म्हणून कुणी भिजवून खायचं नाही, जनावरालासुद्धा द्यायचं नाही.

मृद्गंध :
दादा, ह्या प्रतिसादासाठी मनापासून आभार. फवारणीचा मुद्दा शहरातल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. त्यात माझी एक भर, हिरव्या शेंगा शेतात उभ्या उभ्या कच्च्या खाऊ नका. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतं, ते आपल्या पोटातल्या प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं, मग मळमळ, पोटदुखी, जुलाब. हिरव्या दाण्यात ते पक्व दाण्यापेक्षा कमी असतं पण असतं. चांगलं शिजवलं की बहुतेक निष्क्रिय होतं. फ्रोजन पॅकेटमधले दाणे आधी उकळत्या पाण्यातून काढलेले असतात, तरी सॅलडमध्ये घालायचे असले तरी नीट गरम शिजवून मगच घाला.

वऱ्हाडी_मिरची :
लातूरच्या दादांना अनुमोदन. आमच्या अकोल्याकडं पण तसंच आहे. पण मला विचारायचं होतं का वाळलेलं सोयाबीन भिजवून उसळ केली तर गॅस लय होतो, घरचे खात नाहीत, हिरव्यानं होईल का तसं?

मृद्गंध :
कमी होईल. गॅस होतो तो रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरांमुळे, त्या आपल्या आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतात आणि ते त्यावर गॅस करतात. ह्या साखरा दाणा पक्व होत वाळताना जास्त साठतात, म्हणून हिरवा दाणा पोटाला हलका. तरी पहिल्या आठवड्यात अर्धी वाटीच खा, फायबर एकदम वाढवलं की कुणालाही फुगल्यासारखं होतं. हिंग-जिरं, आलं घाला, आणि पाणी भरपूर प्या.

घरच्यांना खायला लावायचं तर आपण मटार उसळ करतो तशीच मी करते, ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण ह्याचं हिरवं वाटण, तेलात हिंग-मोहरी-हळद, दाणे आधीच दहा मिनिटं उकडून घेतलेले, वाटण परतून त्यात दाणे आणि थोडं पाणी, शेवटी गूळ किंचित आणि लिंबू. भाकरीबरोबर फार छान लागते. सोलाण्याची आमटी ज्यांना आवडते त्यांनी दाणे भाजून अर्धवट ठेचून तशी आमटी करावी. पोह्यात, उपम्यात, मसालेभातात मटाराच्या जागी माणशी मूठभर घातले तरी घरातल्या प्रत्येकाच्या ताटात काही न बोलता चार-पाच ग्रॅम प्रोटीन वाढतं.

नर्मदेकाठची :
माझ्या आईला ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, ट्रीटमेंट पूर्ण झालीये, गोळ्या चालू आहेत. नातेवाईक सांगतात सोया म्हणजे विष, हात लावू नका, आणि ती मांसाहार करत नाही, अशक्तपणा खूप आहे. प्लीज कुणीतरी खात्रीचं सांगा.

मृद्गंध :
आधी आईला माझा नमस्कार सांगा आणि ट्रीटमेंट पूर्ण झाली ह्याचा खूप आनंद. ही भीती प्रयोगशाळेतून आली. उंदरांना शुद्ध जेनिस्टीन दिलं तेव्हा काही गाठी वाढलेल्या दिसल्या. पण उंदराचं शरीर ही द्रव्यं माणसापेक्षा वेगळ्या रीतीने हाताळतं, आणि माणसांमध्ये जे दिसलं ते उलट दिशेचं आहे. शांघायमध्ये ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्या ५,०४२ बायकांचा काही वर्षं पाठपुरावा केला गेला, २००९ मध्ये जामा ह्या जर्नलमध्ये तो छापून आला, त्यात जास्त सोया खाणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि कॅन्सर परत उलटणं दोन्ही कमी दिसलं, टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेन अडवणारी गोळी) घेणाऱ्यांमध्ये सुद्धा नुकसान दिसलं नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून सोया हे औषध आहे असं म्हणता येणार नाही. पण टोफू, एडामामे, सोया मिल्क अशा खाण्याच्या स्वरूपात, दिवसाला एखाद-दोन वेळा, सुरक्षित आहे असं अमेरिकन कॅन्सर सोसायटी सुद्धा सांगते. टाळायच्या आहेत त्या आयसोफ्लेवोनच्या गोळ्या आणि पावडरी, त्यात मात्रा खूप एकवटलेली असते. आईच्या ऑन्कॉलॉजिस्टना पुढच्या भेटीत हे नक्की विचारा, त्यांना तिच्या गाठीचा प्रकार आणि गोळ्या माहीत आहेत. नातेवाइकांपेक्षा त्यांचं ऐका.

नर्मदेकाठची :
डोळ्यात पाणी आलं वाचून. विचारतेच. ती बिचारी दीड वर्ष घाबरून टोफूपण खात नाहीये.

घनश्यामकाका :
वय ६८, शुगर आणि बीपी दोन्ही. कोलेस्टेरॉल किंचित वाढलेलं. मुलाने पाकीट आणून दिलंय. चालेल का आणि ह्याने कोलेस्टेरॉल खरंच उतरतं का? युरिक ॲसिडसुद्धा मध्ये वाढलं होतं.

मृद्गंध :
काका, चालेल, तुमच्यासाठी तर फारच चांगलं. कार्ब कमी, त्यातही निम्म्याहून जास्त फायबर, साखर १०० ग्रॅमला दोन ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे रक्तातली साखर हळूहळू आणि थोडीच वाढते. संध्याकाळी भूक लागते तेव्हा खारी, टोस्ट, चिवडा ह्यांच्या जागी वाटीभर शेंगा ठेवा, सोलून खाण्यात वेळ जातो म्हणून घाईघाईत जास्त खाल्लं जात नाही. बीपी आहे म्हणून उकडताना आणि वरून मीठ घालू नका, रमाने लिहिलेली मिठाची पद्धत तुमच्यासाठी नाही. दाण्यात स्वतःचं सोडियम अगदी नगण्य असतं आणि पोटॅशियम ४३६ मिलिग्रॅम. जिरेपूड, मिरपूड, लिंबू पुष्कळ झालं.

कोलेस्टेरॉलचं प्रामाणिकपणे सांगायचं तर उतरतं पण थोडंच. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासन) १९९९ मध्ये रोज २५ ग्रॅम सोया प्रोटीन हृदयासाठी चांगलं असं पाकिटावर लिहायला परवानगी दिली, २०१७ मध्ये त्यांनीच पुरावा पुरेसा एकसारखा नाही म्हणून ती मागे घ्यायचा प्रस्ताव आणला. नंतर सगळे प्रयोग परत मोजले तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ३ ते ४ टक्के खाली येतं असं दिसलं. म्हणजे गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवायची. खरा फायदा अदलाबदलीत आहे, तळलेल्या किंवा साजूक तुपातल्या पदार्थाच्या जागी हे आलं तर.

युरिक ॲसिडसाठी घाबरू नका. २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ४७ हजारांवर पुरुषांचा १२ वर्षांचा अभ्यास आला होता, त्यात मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाउटचा धोका जास्त दिसला, प्युरिन असलेल्या भाज्या-शेंगा खाणाऱ्यांना नाही. किडनीचा रिपोर्ट मात्र नीट आहे ना? क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पोटॅशियम आणि प्रोटीन दोन्ही मोजून खावं लागतं, मग नेफ्रॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

घनश्यामकाका :
क्रिएटिनिन ठीक आहे. आभारी आहे. आज संध्याकाळपासून शेंगा.

कोवळं_ऊन :
रक्त पातळ करायची गोळी, वॉरफेरिन, घेणाऱ्यांनी पण बघावं ना? माझ्या बाबांना पालेभाज्यांबद्दल सांगितलंय.

मृद्गंध :
हो, चांगली आठवण. व्हिटॅमिन के १०० ग्रॅमला साधारण २७ मायक्रोग्रॅम आहे, मेथी-पालकापेक्षा खूपच कमी, तरी आज खूप आणि मग महिनाभर काहीच नाही असं करू नये, प्रमाण सारखं ठेवावं आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी) तपासत राहावं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी ऑक्झलेटसाठी (खडा बनवणारं द्रव्य) डॉक्टरांना विचारावं आणि पाणी वाढवावं. सोयाची ॲलर्जी असेल तर अर्थातच अजिबात नाही, ओठ सुजणं, अंगावर गांध्या, श्वास लागणं असं काही झालं तर लगेच दवाखाना. लहान मुलांना, चारच्या आतल्या, अख्खा दाणा देऊ नका, गुळगुळीत असतो, घशात अडकू शकतो. ठेचून थालीपिठात किंवा पराठ्यात घाला.

सावली :
मेनोपॉजमध्ये गरम वाफा येतात त्यावर उपयोग होतो का ह्याचा? माझ्या मोठ्या बहिणीला त्रास आहे.

मृद्गंध :
थोडा होऊ शकतो, पण सगळ्यांना सारखा नाही. डेडझीनपासून इक्वॉल नावाचं द्रव्य तयार करणारे जिवाणू प्रत्येकाच्या आतड्यात नसतात, पाश्चात्त्य देशांत चारातल्या एखाद-दुसऱ्याच्याच पोटात असतात, पूर्व आशियात जवळपास निम्म्या लोकांत. शिवाय ज्या प्रयोगांत फायदा दिसला ते बहुतेक गोळ्यांचे आहेत, आणि हिरव्या दाण्यात आयसोफ्लेवोन वाळलेल्या सोयाबीनपेक्षा बरेच कमी असतात. बहिणीला खायला जरूर सांगा, त्या वयात स्नायू आणि हाडं दोन्ही उतरणीला लागतात, प्रोटीनची गरज खरी तेव्हाच असते. वाफांचा त्रास झोप मोडण्याइतका असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला सांगा, अंगावर काढू नका.

लातूरचा_शेतकरी :
शेवटचं एक, भाजीसाठीच असं खास सोयाबीनचं बी आपल्याकडे मिळतं का? गोडसर आणि मोठ्या दाण्याचं. चार तासांऐवजी अर्धा एकर करायचा विचार आहे, लातूर शहरातच विकायला.

मृद्गंध :
हो दादा. इंदूरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेचं एनआरसी १८८ हे भाजीसाठीचं वाण आहे. रांचीच्या केंद्राचं स्वर्ण वसुंधरा आहे आणि बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचं करुणे. ज्यांना वाळलेला दाणाच घरी खायचा आहे त्यांच्यासाठी एनआरसी १२७ आहे, त्यात ट्रिप्सिन इनहिबिटरचा मुख्य प्रकार (कुनिट्झ) नसलेला जनुकीय गुण पैदाशीतून आणलाय, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने पण ह्या दिशेने काम केलंय. एनआरसी १८८ मध्य भारतासाठी काढलेलं आहे, त्यामुळे तुमच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी बोलून घ्या, तुमच्या जमिनीचं तेच सांगतील.

वऱ्हाडी_मिरची :
दादा पेरणी एकदम नका करू, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं तीन तुकड्यात करा, म्हणजे हिरव्या शेंगा महिनाभर मिळत राहतील. आणि पहाटे तोडून सकाळीच बाजारात न्या. उरल्या तर उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, मग गार करून कोरड्या करून फ्रीजरमध्ये, दिवाळीनंतरपण विकता येतील.

तोक्योतली_रमा :
वऱ्हाडी_मिरची, बरोबर. फक्त विकायच्या असल्या तर शेंगा पाल्यासकट जुडी बांधून ठेवा, इकडे तशाच जास्त खपतात, आणि एकदाणी शेंगा आधीच काढून टाका, दोन-तीन दाण्यांच्या शेंगांनाच इकडे चांगला भाव मिळतो.

लातूरचा_शेतकरी :
लिहून घेतलं सगळं. बियाण्यासाठी सोमवारी केव्हीकेत जातो, इंदूरला पण फोन करतो, मे महिन्यात हातात पाहिजे. आणि पहिल्या तोडीच्या शेंगा आमच्या गावच्या अंगणवाडीत देणार, ताईंशी बोलणं झालंय, ठेचून खिचडीत घालू म्हणाल्या.